चरित्र-अभिनेत्री कै. दुर्गाबाई खोटे

ज्ञातीतील थोरामोठ्यांची चरित्रे स्मरणिकेत देण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात जुना आहे. न्यायाधीश, वैद्य, सॉलिसिटर, पेढीवाले, देवालयांचे जीर्णोद्धारकर्ते यांच्या चरित्रांनी आजवरच्या अंकांची पाने भरली, आणि ते यथायोग्यच झाले. चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रीचे चरित्र मात्र या पानांत सहसा आढळावयाचे नाही. म्हणून यंदा आम्ही दुर्गाबाई खोटे यांच्याविषयी लिहावयाचे ठरविले. त्यांचे नाव आज आपल्या घरोघरी अभिमानाने घेतले जाते. परंतु ज्या वर्षी त्यांना आपल्या आधाराची खरी गरज होती त्या वर्षी आपल्याच घरांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली होती. हे सांगितल्यावाचून त्यांचे चरित्र लिहिणे म्हणजे अर्धे सत्य लिहिणे होय.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी झाला. माहेरचे नाव विठा लाड. मूळ गोव्याकडील, घरी कोकणी बोलणाऱ्या या कुटुंबाचे बिऱ्हाड गिरगावातील कांदेवाडीत होते. घर माणसांनी गजबजलेले, वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर, आई मंजुळाबाई. मुलीला कॅथेड्रल हायस्कूलमध्ये व पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात घालण्याइतकी ऐपत आणि दृष्टी त्या घराला होती. त्या काळी आपल्या ज्ञातीत हे थोडक्याच मुलींच्या वाट्यास येई. विश्वनाथ खोटे यांच्याशी विवाह झाला तोही संपन्न घराण्यात. दोन मुलगे झाले, बकुळ व हरीन. मग दैवाचे फासे उलटले. सासरची संपत्ती गेली, आणि ऐन तारुण्यात वैधव्यही आले. घरंदाज सुनेने अशा वेळी दिराच्या किंवा भावाच्या आश्रयास जाऊन मुकाट्याने दिवस काढावेत अशी तेव्हाची रीत होती. दुर्गाबाईंना ते मानवले नाही. मुलांच्या पोटासाठी दुसऱ्यापुढे हात पसरण्यापेक्षा त्यांनी काम शोधले.

ते काम चित्रपटाचे निघाले, हा निव्वळ योगायोग होता. मोहन भवनानी यांच्या १९३१ सालच्या 'फरेबी जाल' या चित्रपटातील एका लहानशा भूमिकेसाठी मूळ विचारणा त्यांच्या बहिणीकडे, शालिनीकडे, झाली होती. तिने नकार देऊन दुर्गाबाईंचे नाव सुचविले. चित्रपट सपशेल पडला. परंतु जाहिरातीत मात्र लाडांची कन्या व खोट्यांची सून अशी दोन्ही कुळांची नावे झळकली होती! पडलेल्या चित्रपटापेक्षा त्या जाहिरातीने अधिक घात केला. चित्रपटात काम करणे म्हणजे कुलीन स्त्रीने आपली पायरी सोडणे, असा समज तेव्हा सर्वत्र होता. माहेरी व सासरी बोल लागला, ज्ञातीत कुजबूज सुरू झाली. ती कुजबूज करणारे आपल्याच आजोबा-पणजोबांपैकी होते, हे आम्ही येथे नमूद करून ठेवतो.

येथे एका प्रचलित समजुतीची दुरुस्तीही केली पाहिजे. दुर्गाबाई या चित्रपटात येणाऱ्या पहिल्याच कुलीन स्त्री, असे आपल्या समारंभांतून वारंवार सांगितले जाते. फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या १९१३ सालच्या मूकपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी कामे केली होती. त्याही चांगल्या घरातल्या, आणि त्यांनाही पोटाच्या चिंतेनेच रंगभूमीवर व पडद्यावर आणले. पहिलेपणाचा मान आपल्याकडे ओढून घेण्याच्या भरात या मायलेकींचा विसर पडणे बरे नव्हे.

'फरेबी जाल' पडला असतानाही व्ही. शांताराम यांनी या तरुणीतील तेज ओळखले. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली पडद्यावर आला, त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र व दुर्गाबाई तारामती. चित्रपटाची हिंदी आवृत्तीही निघाली. पार्श्वगायनाची सोय नसल्याने गाणी स्वतः म्हणावी लागत, तीही त्यांनी म्हटली. ज्या समाजाने वर्षापूर्वी नाके मुरडली होती तोच समाज तारामतीचे हाल पाहून रडला. पौराणिक पतिव्रतेच्या पातळात बाई उभी राहिली की तिच्यावरील किटाळ कसे आपोआप नाहीसे होते पाहा! त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. सोबतीला जिवंत चित्ता होता. 'अमरज्योती'मधील (१९३६) समुद्रावर लूट करणारी सौदामिनी तर पतिव्रतेच्या पलीकडचीच. मध्यंतरी देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) व 'सीता' (१९३४) या कलकत्त्याच्या चित्रपटांत त्यांनी कामे केली. 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. एका कंपनीच्या पगारावर वर्षानुवर्षे बांधून घेण्याची पद्धत असताना त्या निरनिराळ्या कंपन्यांत काम करीत राहिल्या, यातही त्यांचा स्वतंत्र बाणा दिसतो.

परंतु आमच्या मते त्यांची खरी कर्तबगारी येथून पुढची आहे. नायिकेचे वय सरले की नटीने घरी बसावे, हा या धंद्याचा अलिखित नियम. दुर्गाबाईंनी पस्तिशी ओलांडताच आपण होऊन वयस्क भूमिका पत्करल्या. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' (१९४१) व त्याच्या हिंदी आवृत्तीत त्या सुनेस छळणारी सासू झाल्या. पुढल्याच वर्षी विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. दोन्ही भूमिका प्रेक्षकांचे शिव्याशाप घेणाऱ्या. तारामती म्हणून पुजल्या गेलेल्या स्त्रीने हे धाडस करावे, आणि बंगालच्या चित्रपट-पत्रकारांनी या कामगिरीबद्दल त्यांना लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान द्यावा, ही त्या काळची सामान्य गोष्ट नव्हे.

रंगभूमीची ओढही सुटली नाही. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट' या नाटकात १९५४ साली त्यांनी लेडी मॅकबेथच्या धर्तीची भूमिका केली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ साली पद्मश्री, १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार असे सन्मान पुढे येत गेले.

आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे मात्र उभी राहते ती 'मुघल-ए-आझम'मधील (१९६०) जोधाबाई. एका बाजूस सम्राट पती, दुसऱ्या बाजूस बंडखोर पुत्र, आणि मध्ये ही राणी. पृथ्वीराज कपूर यांच्या गडगडत्या आवाजापुढे दुर्गाबाई आवाज चढवीत नाहीत; मान किंचित वळते, ओठ घट्ट मिटतात, एवढ्यातच आईची सारी कोंडी दिसते. हेच पृथ्वीराज 'सीता'मध्ये राम होते व दुर्गाबाई सीता. सव्वीस वर्षांनी तीच जोडी पुन्हा राजा-राणी होऊन समोरासमोर आली, आणि या खेपेस वनवास सीतेच्या वाट्यास न येता आईच्या काळजाच्या वाट्यास आला.

त्यानंतरच्या आया, माउश्या आणि आज्या मोजीत बसण्याचे कारण नाही. एकंदर चित्रपट सुमारे २०० भरतात, आणि त्यांतील कित्येक भूमिका सामान्य होत्या हेही मान्य केले पाहिजे. 'अनुपमा' (१९६६) व 'अभिमान' (१९७३) यांतील त्यांचे मायाळू वावरणे लक्षात राहते. 'बिदाई'साठी (१९७४) त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. 'बॉबी'तील (१९७३) मिसेस ब्रागँझा आम्हांस विशेष आवडते. गोव्याकडील हिंदू घरची ही लेक गोव्याची ख्रिस्ती आजी होऊन पडद्यावर येते, तेव्हा ती परकी वाटतच नाही. आपल्याच गावच्या वाड्यापलीकडची शेजारीण वाटते.

घरचे दुःख मात्र त्यांना चुकले नाही. हरीन अकाली निवर्तले. त्यांच्या पत्नी, म्हणजे दुर्गाबाईंच्या स्नुषा, पुढे विजया मेहता म्हणून रंगभूमीवर विख्यात झाल्या. ज्या घरातील सुनेच्या अभिनयावर एकेकाळी कुजबूज झाली, त्या घरात आलेल्या पुढच्या सुनेने नाटकाचा ध्यास घेतला, तेव्हा सासूने काय म्हटले असेल हे सांगावयास नकोच. दुर्गाबाईंनी काढलेल्या निर्मितिसंस्थेने जाहिरातपट, लघुपट काढले, आणि १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' ही मालिका दिली.

उतारवयात त्या अलिबागेस जाऊन राहिल्या. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले, ते मराठीत. कॅथेड्रल आणि झेवियर्समध्ये शिकलेल्या या बाईंना इंग्रजीत लिहिणे कठीण नव्हते. शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद पुढे २००६ साली आला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई निवर्तल्या.

ते आत्मचरित्र आपल्या संस्थेच्या वाचनालयात असावे, एवढी विनंती आम्ही कार्यकारी मंडळास करून ठेवली आहे. ज्या सभासद कुटुंबांच्या घरी त्या काळची चित्रपटांची जाहिरातपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता वाचनालयाकडे द्यावीत. विशेषतः 'फरेबी जाल'ची ती जाहिरात कोणाच्या ट्रंकेत निघाल्यास आम्हांस अवश्य कळवावे.