फोटॉन कोलायडर आणि जड कणांची अनुस्पंदने

फोटॉन कोलायडर : अतिउच्च ऊर्जेचे फोटॉन एकमेकांवर आदळवून जड मूलकण निर्माण करण्यासाठी आखलेले यंत्र. ते अद्याप कोठेही उभे राहिलेले नाही. त्याच्या सैद्धांतिक अभ्यासात मात्र पुण्याच्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांचा वाटा मोठा आहे. मुंबई विद्यापीठ आणि नंतर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही त्यांची कार्यक्षेत्रे.

फोटॉनवर विद्युत्भार नसतो, म्हणून नेहमीच्या वेगवर्धकात त्याची ऊर्जा वाढवता येत नाही. यावरचा उपाय १९८१ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या गिन्झबुर्ग, कोटकिन, सेर्बो व तेलनोव यांनी सुचवला. रेषीय वेगवर्धकातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर, टक्करबिंदूच्या काही मिलिमीटर अलीकडे, समोरून लेसरचा झोत सोडायचा. कॉम्प्टन परिणामामुळे लेसरचा फोटॉन उलट फिरतो आणि इलेक्ट्रॉनची बरीचशी ऊर्जा घेऊन पुढे निघतो. इलेक्ट्रॉन २५० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा आणि लेसरची तरंगलांबी सुमारे १ मायक्रॉन असेल, तर जेमतेम १ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा फोटॉन २०० अब्जांपर्यंत पोचतो. दोन्ही बाजूंनी असे झोत आले, की फोटॉनांची टक्कर होते.

दोन फोटॉनांची एकत्रित ऊर्जा एखाद्या कणाच्या वस्तुमानाएवढी झाली, की त्या कणाची निर्मिती एकदम वाढते आणि आलेखावर शिखर उमटते, हेच अनुस्पंदन. शिखराच्या जागेवरून वस्तुमान कळते, रुंदीवरून आयुर्मान. लांडाऊ–यांग प्रमेयानुसार दोन फोटॉनांपासून परिवलन (स्पिन) १ असलेला कण बनू शकत नाही, त्यामुळे झेड बोसॉनसारखे कण आपोआप वगळले जातात आणि हिग्जसारख्या शून्य परिवलनाच्या कणांना वाट मोकळी राहते. काही सिद्धांतांत हिग्जची जड भावंडेही असतात. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीत ती मुख्यत्वे जोडीने निर्माण होतात. फोटॉनांच्या टकरीत ती एकेकटी निर्माण होत असल्याने अधिक जड कणापर्यंत हात पोचतो. शिवाय दोन्ही फोटॉनांचे रेषीय ध्रुवण समांतर ठेवले तर एका समतेचा (पॅरिटीचा) कण बनतो, काटकोनात ठेवले तर दुसऱ्या. इतकी थेट चाळणी लावण्याची सोय दुसऱ्या यंत्रात क्वचितच मिळते.

गोडबोले यांचे सर्वांत परिचित काम मात्र अडचणीकडे बोट दाखवणारे आहे. उच्च ऊर्जेचा फोटॉन काही काळ क्वार्क व ग्लुऑन यांच्या रूपात वावरतो, त्यामुळे फोटॉन-फोटॉन टकरीतून हॅड्रॉनांचा, म्हणजे क्वार्कांपासून बनलेल्या कणांचा, मोठा पसारा निघतो. मुंबई विद्यापीठात असताना त्यांनी मानुएल ड्रेस यांच्यासह १९९१ मध्ये दाखवले, की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांत झोत फार दाट केले, तर झोतांतूनच सुटणारे फोटॉन असा पसारा घालतील. या यंत्रांची स्वच्छता हाच त्यांचा मुख्य गुण मानला जात होता, त्या काळात केलेले हे गणित धाडसाचे होते. पुढच्या आराखड्यांत ही पार्श्वभूमी धरूनच हिशेब मांडावे लागले. फोटॉन कोलायडरमध्ये तर ती आणखी जड पडते.

२००३ मध्ये सौरभ रिंदाणी व रितेश सिंग यांच्याबरोबर त्यांनी याच यंत्राचा उपयोगही दाखवला. फोटॉनांपासून टॉप क्वार्कची जोडी बनताना मध्ये हिग्ज असेल आणि त्याची समता संमिश्र असेल, तर टॉपच्या क्षयातून निघणारे धन व ऋण लेप्टॉन वेगवेगळ्या दिशांना कमीजास्त संख्येने जातात. फोटॉनांचे ध्रुवण बदलून हा फरक मोजता येतो. टॉपच्या क्षयात काही किरकोळ विसंगती असली, तरी लेप्टॉनांचे कोनीय वितरण जवळजवळ तसेच राहते. या पद्धतीचे बळ त्यातच आहे.

हॅम्बुर्गच्या टेस्ला या रेषीय वेगवर्धक प्रकल्पाच्या २००१ च्या आराखड्यात फोटॉन कोलायडरचा पर्याय होता. तो प्रकल्प पुढे उभारला गेला नाही. सध्या सर्न प्रयोगशाळेत मात्र शिशाची अणुकेंद्रे एकमेकांजवळून जातात, तेव्हा त्यांच्या विद्युत्क्षेत्रांतील फोटॉन आदळतात. त्यातून प्रकाशाने प्रकाशाचे प्रकीर्णन होताना २०१९ मध्ये अ‍ॅटलास प्रयोगात स्पष्टपणे दिसले. या मार्गाने सुमारे १०० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतच्या अनुस्पंदनांचा शोध चालू आहे.