परतीचा पत्ता

चौलमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर आहे. नारळीपोफळीची वाडी, पाटाचे पाणी, मागे जुने कौलारू घर. मराठी घेऊन पदवीपर्यंत आलेला हा मुलगा पुढे संगणकाकडे वळला आणि सध्या सॉफ्टवेअरमधील सुरक्षेच्या त्रुटी शोधण्याची विद्या शिकतो आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्याकडे गेलो असता, मुलगा चहा आणायला आत गेल्याची संधी साधून त्याच्या वडिलांनी हळू आवाजात विचारले, "सर, खरं सांगा. पोरगा चोरी शिकतोय का हो?"

मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोललो. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. मुलगा जे शिकत होता त्याला 'रिटर्न ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग' म्हणतात. त्याचा इतिहास मुळापासून वाचून काढला तेव्हा लक्षात आले, की साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट वाटते तितकी परकी नाही. एखादा मजकूर त्याच्या कर्त्याला अभिप्रेत नसलेल्या रीतीने वाचता येतो का, आणि तसे वाचणारा माणूस गुन्हेगार असतो का, असे हे दोन प्रश्न आहेत. पहिला आपल्या रोजच्या व्यवसायातला आहे. दुसरा सहसा आपल्या वाट्याला येत नाही.

त्याच दिवशी आम्ही रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेल्या डोंगरावरचा हा किल्ला. अलीकडे रेवदंड्याच्या तटात पोर्तुगीज आणि पलीकडे या डोंगरावर अहमदनगरची निजामशाही फौज, अशी १५९४ मधील स्थिती होती. त्या वर्षी पोर्तुगीजांनी कोर्लईवर हल्ला केला. बाहेर लढणारी निजामशाही फौज माघारी फिरून आत शिरू लागली, त्या धुमश्चक्रीत तिचाच एक हत्ती दरवाज्यात कोसळला आणि त्या धुडामुळे दरवाजा लावताच येईना, अशी हकिकत पोर्तुगीज वृत्तान्तांच्या आधारे सांगितली जाते. दरवाजा मजबूत होता, हत्तीही फौजेचे बळ होता. हल्लेखोरांना आत जाण्यासाठी बाहेरून वेगळे काही आणावे लागले नाही. मुलगा त्या दरवाज्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, मी जे शिकतोय ते हेच."

हे 'हेच' समजायचे, तर प्रथम संगणक कथा कशी सांगतो ते पाहिले पाहिजे. पंचतंत्राची रचना आठवावी. एका गोष्टीतले पात्र दुसरी गोष्ट सांगू लागते, त्या गोष्टीतले पात्र तिसरी. तिसरी संपली की दुसरीत, दुसरी संपली की पहिलीत, आणि तेही नेमके जेथे सोडले होते तेथे परतायचे. संगणकाचा प्रोग्रॅमही असाच उपकथांनी भरलेला असतो. प्रत्येक उपकथेत शिरताना तो परतीचा पत्ता टिपून ठेवतो. या टिपणांच्या उतरंडीला 'स्टॅक' म्हणतात. घोळ असा, की बाहेरून आलेला मजकूर, म्हणजे कोणी भरलेले नाव किंवा पाठवलेला निरोप, तोही पुष्कळदा याच उतरंडीत, परतीच्या पत्त्याच्या शेजारी ठेवला जातो. नावासाठी राखलेल्या जागेपेक्षा लांब नाव आले आणि ते कोणी मोजले नाही, तर ते सांडून पत्त्यावर पडते. मग उपकथा संपल्यावर कथेकरी भलत्याच ठिकाणी परततो. तो ठिकाणा त्या नावातच लिहिलेला असतो.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ने हे जगाला दाखवले. त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक अशी, की ५१२ अक्षरांसाठी राखलेल्या जागेत त्याने ५३६ अक्षरे पाठवली. वरच्या चोवीस अक्षरांनी परतीचा पत्ता बदलला. मॉरिसला न्यायालयाने दोषी ठरवले; हाच मॉरिस पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. (वाडीतल्या प्रश्नाला हे उत्तर होत नाही, पण प्रश्न किती अवघड आहे हे त्यातून कळते.) १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकाच्या ४९ व्या अंकात 'अलेफ वन' या टोपणनावाने लिहिलेला लेख आला आणि मूठभरांची ही विद्या कोणालाही पायरीपायरीने शिकता येऊ लागली.

या पहिल्या टप्प्याची जात आपल्या ओळखीची आहे: 'ध'चा 'मा'. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असे असलेल्या चिठ्ठीत आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही आख्यायिका मराठी माणसाला पाठ आहे. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवू. तिच्यातील युक्ती अशी, की हुकूम पाळणारा प्रामाणिकच राहतो, हुकूम तेवढा बदलतो. सुरुवातीचे हल्लेखोरही तेच करीत. आपल्या आज्ञा सांडलेल्या मजकुरात लिहीत आणि परतीचा पत्ता त्या आज्ञांकडे वळवीत.

यावर जो उपाय निघाला तो दिसायला अगदी बिनतोड. स्मृतीच्या ज्या भागात लिहिता येते तेथील मजकूर आज्ञा म्हणून पाळायचा नाही, आणि जो आज्ञा म्हणून पाळायचा त्यात कोणाला काही लिहू द्यायचे नाही. २००३ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीने हा नियम अंगीकारला. २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून तो घरोघरी पोहोचला. आता चिठ्ठीत कोणी काहीही खरडो, शिपाई फक्त शिक्कामोर्तब झालेल्या पोथीतलेच वाचणार. 'ध'चा 'मा' करण्याची सोय संपली.

पण तोपर्यंत पोथीच वापरण्याची कल्पना निघालेली होती. १९९७ मध्येच 'सोलर डिझायनर' या नावाने लिहिणाऱ्या संशोधकाने दाखवले, की परतीचा पत्ता आपल्या आज्ञांकडे न वळवता प्रोग्रॅमसोबत स्मृतीत असलेल्या ग्रंथालयातील एखाद्या तयार कार्याकडे वळवता येतो. २००५ मध्ये सेबास्टियन क्रामर याने पूर्ण कार्यांऐवजी त्यांचे लहान लहान उसने तुकडे वापरले. आणि २००७ मध्ये कॅलिफोर्नियात होवाव शॅकम याने या साऱ्याचा सिद्धान्त मांडला. त्याच्या निबंधाचे शीर्षक बॉब डिलनच्या एका गाण्यातून घेतलेले आहे. उसनवारीवरच्या निबंधाला शीर्षकही उसनेच असावे, हे मला मोठे साजेसे वाटले.

शॅकमचे म्हणणे थोडक्यात असे. ग्रंथालयात 'परत जा' ही आज्ञा हजारो ठिकाणी असते. तिच्या आधीच्या दोनतीन आज्ञांसह तिला उचलले, की एक तुकडा मिळतो: एक बेरीज करून परततो, एक आकडा हलवून परततो. उतरंडीत एकाऐवजी परतीच्या पत्त्यांची रांगच लिहून ठेवायची. पहिला तुकडा परततो तो दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे. एकही नवी आज्ञा न लिहिता हवे ते गणित या रांगेतून करता येते.

निबंधातला मला सर्वांत आवडलेला भाग याच्याही पुढचा आहे. इंटेलच्या यंत्रभाषेत आज्ञांची लांबी ठरावीक नसते आणि दोन आज्ञांमध्ये विरामही नसतो. मोडीतील पत्र आठवावे: ओळभर अखंड लेखन, शब्द कोठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचे. म्हणजे वाचन एक अक्षर उशिरा सुरू केले, तर दुसराच अर्थ निघू शकतो. 'अपराजित' हा शब्द घ्या आणि दुसऱ्या अक्षरापासून वाचा. एकही अक्षर बदललेले नाही, आणि अजिंक्य वीर हरलेला आहे! शॅकमने सामान्य वापरातल्या ग्रंथालयातून असाच एक दहा अक्षरांचा तुकडा दाखवला. मूळ वाचनात तेथे दोन निरुपद्रवी आज्ञा आहेत आणि शेवटचे अक्षर म्हणजे उणे ६१ हा साधा आकडा आहे. एक अक्षर सोडून वाचले, की चार वेगळ्याच आज्ञा होतात आणि तो उणे ६१ 'परत जा' असा हुकूम बनतो. लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेले हे वाक्य त्याच्याच मजकुरात होते.

आपल्या अलंकारशास्त्रात याला सभंग श्लेष म्हणतात. संस्कृतात 'राघवपाण्डवीय'सारखी अख्खी काव्ये या बळावर उभी राहिली. एका वाचनात रामकथा, दुसऱ्यात पांडवकथा. फरक एवढाच, की तेथे दोन्ही अर्थ कवीने पेरलेले असतात. येथे दुसरा अर्थ कोणीच पेरलेला नाही.

साम्य आणखी एका ठिकाणी भेटते. असा हल्ला रचणाऱ्याला पुष्कळदा एक बंधन पाळावे लागते. त्याच्या मजकुरात कोठेही शून्य हे अक्षर येता कामा नये, कारण अनेक प्रोग्रॅम शून्य दिसताच मजकूर संपला असे मानून नक्कल करणे थांबवतात. मग शून्य न लिहिता शून्य घडवण्याच्या वाटा शोधाव्या लागतात. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून 'निरोष्ठ रामायण' रचणाऱ्या मोरोपंतांना ही अडचण कोणी समजावून सांगावी लागली नसती. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे एम.ए. केलं असतं तरी चाललं असतं!"

श्लेषावर मात्र फार भाळून चालणार नाही. २००८ मध्ये शॅकम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्पार्क या यंत्रावरही तीच किमया करून दाखवली. तेथे सर्व आज्ञा सारख्या लांबीच्या असतात. मधूनच वाचायला सुरुवात करण्याची सोय नाही. तरीही केवळ कार्यांची शेपटे जोडून काम भागले. येथे श्लेषापेक्षा कोर्लई गावाचीच उपमा जवळची ठरेल. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख मराठ्यांच्या स्वाधीन केला, तरी किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची भाषा राहिली, पण तशीच राहिली नाही. 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, असे तिला बोलणारे म्हणतात. शब्द मुख्यतः पोर्तुगीज, आणि क्रियापद मात्र मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी. शब्द जुनेच राहिले, त्यांची रांग बदलली आणि निराळी भाषा झाली. उपमा येथेच थांबवतो. त्या बोलीने कोणावर हल्ला केलेला नाही.

या विद्येचा कस २००९ मध्ये एका मतदान यंत्रावर लागला. अमेरिकेतील 'एव्हीसी अ‍ॅडव्हांटेज' हे यंत्र केवळ कायमस्वरूपी कोरलेल्या स्मृतीतील आज्ञाच पाळत असे, आणि म्हणून ते सुरक्षित समजले जाई. शॅकम, जे. अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि इतर संशोधकांनी त्या कोरलेल्या मजकुराचेच तुकडे जोडून मतांची फिरवाफिरव करून दाखवली. पुढच्याच वर्षी याच हाल्डरमनने हरी प्रसाद आणि रॉप गोंग्रिप यांच्यासह भारतीय मतदान यंत्राची चिकित्सा प्रसिद्ध केली. तेथील पद्धत पूर्णतः निराळी, यंत्राचे सुटे भाग बदलण्याची होती. दोहोंची गल्लत करू नये. पण तपासलेले यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून चोरीस गेल्याचा गुन्हा दाखल झाला आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये हरी प्रसाद यांना हैदराबादेत अटक करून मुंबईस आणण्यात आले. पुढे त्यांना जामीन मिळाला. यंत्र कोणी दिले हे त्यांनी सांगितले नाही.

वाडीतला प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याला मनाई करते, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्याची त्रुटी तपासायची तोच परवानगी देणारा असेल, तर काय करायचे, हे ते कलम सांगत नाही. माझे मत असे, की ही विद्या उघडपणे शिकवली गेली पाहिजे. ती गुप्त ठेवल्याने अज्ञानी राहतात ते तट बांधणारे. चढणारे आपले शिकतातच. इतिहासही याच बाजूने बोलतो. शॅकमचा निबंध उघड छापला गेला म्हणून यंत्र बनवणाऱ्यांना उत्तर शोधावे लागले. २०२० मध्ये इंटेलच्या प्रक्रियकांत परतीच्या पत्त्यांची दुसरी, हल्लेखोराच्या हाताबाहेरची नोंदवही आली. बुवा आख्यानातून निरूपणाकडे भलत्याच ठिकाणी परतू लागले, तर मागे उभ्या टाळकऱ्याच्या लगेच ध्यानात यावे, तसेच हे. दोन नोंदी जुळल्या नाहीत की कीर्तन तेथेच थांबते. दार यानेही कायमचे लागलेले नाही. 'परत जा' न वापरता तुकडे जोडण्याच्या युक्त्या आधीच निघालेल्या होत्या.

दिवाळीनंतर पुन्हा चौलला गेलो तेव्हा मी वडिलांना यातले जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले. हत्तीची गोष्ट सांगितली, 'अपराजित' पाटीवर लिहून दाखवले. त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवून शब्द दोनदा वाचला. मग विचारले, "आणि हे त्यानं शोधून काढलं, की तो कुणाला सांगतो?"

"ज्यांचं सॉफ्टवेअर आहे त्यांना."

"आणि ते काय करतात?"

मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "कधी दुरुस्त करतात, बाबा. कधी वकिलाचं पत्र येतं."

वडील काही बोलले नाहीत. उठून पाटाचे पाणी दुसऱ्या आळ्याकडे वळवायला गेले.