पारपटलाची शस्त्रक्रिया: चुकांतून घडलेली एक विद्या

लेझरच्या साहाय्याने चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया आज काही मिनिटांत उरकते. तिच्या आधीच्या तपासण्यांना मात्र बराच अधिक वेळ द्यावा लागतो, आणि त्यांपैकी अनेक तपासण्यांमागे पूर्वीच्या एखाद्या पद्धतीचे अपयश उभे आहे. म्हणूनच या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने तिचा इतिहास समजून घेणे उपयुक्त ठरते.

या इतिहासाचे केंद्र आहे पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढील भागातील पारदर्शक, बाकदार पडदा, ज्याला कॉर्निया असेही म्हणतात. त्याची मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि प्रकाशकिरण वळवण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम तोच करतो. निकटदृष्टितेत, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याच्या दोषात, किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. पारपटल मध्यभागी थोडे सपाट केले, तर ते दृष्टिपटलावर पोहोचतात.

जपानमधील डॉ. त्सुतोमु सातो यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात पारपटलाला पुढून आणि मागूनही छेद देऊन ते सपाट करण्याची पद्धत वापरली. प्रारंभीचे निष्कर्ष आशादायक होते. परंतु पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा जो एकेरी थर असतो, तो त्यातील पाणी सतत बाहेर टाकून त्याला पारदर्शक ठेवतो आणि नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत, ही गोष्ट तेव्हा उमगलेली नव्हती. अनेक वर्षांनी मोठ्या संख्येने रुग्णांची पारपटले सुजून पांढुरकी झाली. डोळ्यावरील शस्त्रक्रियेचे मूल्यमापन पहिल्या वर्षाच्या निकालावरून करता येत नाही, हा धडा या रुग्णांच्या दृष्टीची किंमत मोजून मिळाला.

बार्सिलोनात जन्मलेल्या आणि पुढे कोलंबियातील बोगोटा येथे कार्य केलेल्या होसे इग्नासियो बाराकेर यांनी छेद देण्याऐवजी पारपटल कोरण्याचा मार्ग धरला. पारपटलाची पुढची चकती बारीक पात्याच्या यंत्राने कापून काढायची, ती गोठवायची, छोट्या लेथवर तासून तिला नवा आकार द्यायचा आणि मग पुन्हा जागच्या जागी बसवून टाके घालायचे, अशी ही विलक्षण अवघड पद्धत होती. सोव्हिएत संघात स्व्यातोस्लाव्ह फ्योदोरोव्ह यांनी 1970 च्या दशकात पुन्हा छेदांकडे वळून, मधला भाग मोकळा ठेवत, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद केवळ पुढच्या पृष्ठभागावर देण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत तिचा दीर्घकालीन अभ्यास झाला आणि दहा वर्षांनंतर 43 टक्के डोळ्यांचा नंबर दूरदृष्टितेच्या दिशेने एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक सरकल्याचे आढळले, कारण खोल छेदांनी पारपटल कायमचे दुबळे केले होते.

पात्याची जागा प्रकाशाने घेतली ती नेत्ररुग्णालयाबाहेरील एका संशोधनामुळे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन, सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन हे न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेझरवर काम करीत असताना, नोव्हेंबर 1981 मध्ये सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर त्याचा प्रयोग करण्यात आला. 193 नॅनोमीटर तरंगलांबीच्या या अतिनील किरणांनी आजूबाजूचा भाग न जाळता स्वच्छ खाच पाडली, कारण ते ऊतीतील रेणूंचे बंध थेट तोडतात. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी 1983 मध्ये श्रीनिवासन यांच्यासह पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे पृष्ठभागावरच लेझर वापरणारी पीआरके पद्धत आली. त्यानंतर 1990 च्या सुमारास ग्रीसचे इओआनिस पालिकारिस यांनी बाराकेर यांची पातळ चकती आणि लेझर यांची सांगड घातली. चकती एका कडेला जोडलेली ठेवून उचलायची, खालचा थर लेझरने घडवायचा आणि चकती परत बसवायची, हेच लॅसिक.

लॅसिकनेही आपले धडे दिले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस काही रुग्णांची पारपटले शस्त्रक्रियेनंतर पुढे फुगत गेल्याची नोंद झाली, आणि तेव्हापासून जाडीचा हिशेब व पारपटलाचा नकाशा, ज्याला टोपोग्राफी म्हणतात, यांना निर्णायक महत्त्व आले. सहा मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात एक डायॉप्टर घालवण्यासाठी सुमारे 12 मायक्रॉन ऊती काढावी लागते. म्हणजे 540 मायक्रॉन जाडीच्या पारपटलातून 110 मायक्रॉनची चकती आणि पाच डायॉप्टरसाठी 60 मायक्रॉन वजा केल्यास तळाशी 370 मायक्रॉन उरतात. हा उरलेला थर किमान 250 मायक्रॉन असावा, असा संकेत आहे. मूळ पारपटल पातळ असेल किंवा नकाशात शंकूसारख्या विकाराची, म्हणजे केराटोकोनसची चाहूल दिसली, तर लॅसिकला नकार देणारा नेत्रतज्ज्ञ रुग्णाचे हितच पाहत असतो. चकती कापताना मज्जातंतूही तुटत असल्याने डोळ्यांचा कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे, हे त्रास संभवतात.

वय किमान अठरा असणे, नंबर वर्षभर स्थिर असणे, गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात शस्त्रक्रिया टाळणे व तपासणीपूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स काही काळ बंद ठेवणे, हे नियम चुकीच्या मोजमापावर कायमचा बदल होऊ नये यासाठी आहेत. नंबर गेला तरी निकटदृष्टितेत वाढलेली डोळ्याची लांबी तशीच राहते, त्यामुळे दृष्टिपटलाची नियमित तपासणी चुकवता येत नाही. चाळिशीनंतर वाचण्याचा चष्माही बहुधा लागतोच. शस्त्रक्रियेपूर्वीची कागदपत्रे जन्मभर जपावीत, कारण पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाची शक्ती ठरवताना मूळ मोजमापांचा मोठा आधार होतो. काढलेली ऊती परत येत नसल्यामुळे या विद्येतील सर्वांत मोठी प्रगती यंत्रांच्या वेगापेक्षा योग्य रुग्णाची निवड करण्याच्या विवेकात झाली आहे, आणि तो विवेक रुग्णानेही बाळगला पाहिजे.