तेलाच्या दाबाची सुई

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका ओलांडून दापचरीमार्गे तलासरीकडे निघालेल्या एखाद्या ट्रकच्या डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाची सुई एकाएकी शून्यावर आली, असे समजू. इंजिनाचा आवाज नेहमीचाच आहे, पाण्याचे तापमानही ठीक आहे. चालकापुढे प्रश्न असा की, दाब गेला की नुसती सुई गेली? दाब खरोखरच गेला असेल तर काही मिनिटांत बेअरिंगे जळून इंजिन जाम होऊ शकते. सुई गेली असेल तर दुरुस्ती एखाद्या तारेची. दोन्ही वेळी तबकडीवर मात्र शून्यच दिसणार.

ही तबकडी आली कुठून, हे पाहिले तर प्रश्न सोडवायलाही मदत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेचा दाब मोजायला पाऱ्याची नळी वापरत. दर चौरस सेंटिमीटरला 1 किलोग्रॅम दाब सुमारे 73.6 सेंटिमीटर पारा उचलून धरतो. म्हणजे 7 किलोचा दाब मोजायला पाच मीटरहून उंच नळी हवी. कारखान्याच्या भिंतीवर ती लावता येईल, पण धावत्या रेल्वे इंजिनावर? बॉयलर फुटून माणसे मरत होती, आणि दाब दाखवणारे आटोपशीर साधन नव्हते.

1849 मध्ये पॅरिसच्या यूजेन बूर्दाँ यांनी अशा साधनाचे पेटंट घेतले. सर्पिल आकाराची एक नळी तयार करताना ती एका बाजूने चेपली गेली होती. ती पूर्ववत करायला त्यांनी एक तोंड बंद करून आत पंपाने पाणी भरले. चेपलेली नळी गोल होऊ लागली, पण त्याबरोबर तिचे वेटोळेही उलगडू लागले! बूर्दाँ यांनी नळी दुरुस्त करायचे सोडून त्या उलगडण्याकडे लक्ष दिले. जत्रेत मिळणारी, फुंकल्यावर सरळ होणारी कागदी पिपाणी मुलांच्या हाती द्या, म्हणजे तत्त्व वर्गातच कळेल. धातूच्या नळीचे टोक मात्र अगदी थोडे हलते. तरफ आणि दातेरी चाक लावून ती हालचाल सुईपर्यंत मोठी करतात.

त्याच वर्षी जर्मनीतल्या माग्देबुर्ग येथे बर्नहार्ड शेफर यांनी पातळ पडद्याचे दाबमापक काढले. माग्देबुर्ग म्हणजे ऑटो फॉन गेरिके यांच्या प्रसिद्ध अर्धगोलांचे गाव. दाबाचे आणि त्या गावाचे काही नाते असावे! इकडे निर्द्रव वायुभारमापक बनवणारे ल्युसियाँ विदी यांनी बूर्दाँ यांना कोर्टात खेचले आणि कित्येक वर्षे चाललेला तो दावा शेवटी जिंकला. नळीला नाव मात्र बूर्दाँ यांचेच राहिले.

पण तेलाचा दाब मोजावा, हे कोणाला आणि का सुचले? आमच्या मते या इतिहासातला सर्वांत रंजक भाग हाच. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे आसाच्या बेअरिंगांवरचे घर्षण मोजत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग त्यांनी तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवर सरासरी भार दर चौरस इंचाला सुमारे 100 पौंड होता, आणि 200 पौंडांपर्यंत आखलेल्या तबकडीची सुई त्याच्याही पलीकडे गेली.

मापक बिघडला असे म्हणून टॉवर यांना तो काढून टाकता आला असता. पण खुंटीही तेच सांगत होती, आणि खुंटी काही मापकाला विचारून बाहेर पडली नव्हती. म्हणजे तेलाचा पातळ थर दाब निर्माण करून आसाला तोलून धरतो, धातू धातूला टेकतच नाही. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी 1886 मध्ये याचे गणित मांडले. पुढे 1890 मध्ये बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीतील आल्बर्ट पेन यांनी पंपाने तेल बेअरिंगांत ढकलण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आता पंप चालतो आहे की नाही हे कळणे भाग होते. पुढे मोटारींच्या इंजिनांनीही हीच पद्धत उचलली, आणि तेलाच्या दाबाचा काटा चालकापुढे आला.

आपल्याकडे टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून 1954 मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार 1969 पर्यंत चालला. जुन्या काळच्या अनेक ट्रकांत इंजिनातले तेल बारीक नळीने थेट तबकडीपर्यंत येई आणि मागे बूर्दाँचीच नळी असे. ती फुटली तर तेल चालकाच्या पायावर. पुढे विजेची पद्धत आली. इंजिनावर बसवलेल्या युनिटमधला पडदा दाबाने हलतो, त्यामुळे विद्युतरोध बदलतो आणि तारेतल्या प्रवाहाप्रमाणे सुई फिरते. तेल बाहेर सांडायची भीती गेली, पण सुई आणि तेल यांच्यामध्ये मध्यस्थ वाढले: युनिट, तार, जोड, अर्थिंग. डहाणूच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या जोडावर हिरवी पूड धरते, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको.

आता आपल्या ट्रककडे येऊ. पहिले काम इंजिन बंद करणे. शंका फेडून घेण्यासाठी ते चालू ठेवणे परवडत नाही. मग डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहायची. तेल आहे, पण त्याला डिझेलचा वास येत असेल तर ते पातळ झाले आहे. पातळी ठीक असेल तर दुसरा साक्षीदार शोधायचा. पुष्कळ गाड्यांत लाल दिव्याचा स्विच वेगळा असतो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तो दिवा लागायलाच हवा. लागत नसेल तर ती साक्ष बाद.

त्यानंतर, इंजिन बंदच ठेवून पण किल्ली फिरवलेली असताना, युनिटची तार सोडवायची. मग ती क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवायची. तार सुटी असताना सुई एका टोकाला आणि टेकवल्यावर दुसऱ्या टोकाला गेली, तर तबकडी व तार शाबूत आहेत. (कोणते टोक कधी, हे बनावटीप्रमाणे बदलते.) मुले इथे हमखास घाईने निष्कर्ष काढतात की, दोष युनिटचा. तसे सिद्ध झालेले नाही. युनिट खरे बोलत असेल आणि दाबच गेला असेल, तरी ही चाचणी असाच निकाल देईल. म्हणून कसलेला मिस्त्री युनिट काढून त्याच भोकात साधा यांत्रिक मापक बसवतो, म्हणजे बूर्दाँची नळी, आणि इंजिन अगदी थोडा वेळ चालवतो. मापकही शून्य दाखवत असेल तर पंप, गाळणी, दाब सोडणारी झडप किंवा झिजलेली बेअरिंगे यांचा तपास सुरू. मापक नीट दाब दाखवत असेल, तरच युनिट बदलायचे.

हेडलाइट लावताच सुई हलत असेल तर बहुधा अर्थिंग कच्चे आहे. युनिटच्या आट्यांवर गळती रोखायला गुंडाळलेली पांढरी टेपही कधी कधी अर्थिंग तोडते.

उलट चूकही होते. दाब जास्त म्हणजे तेल भरपूर पोचते, असे अनेक चालक धरून चालतात. पण दाब हा तेलाला होणाऱ्या अडथळ्यावरही अवलंबून असतो. गार, दाट तेलाचा दाब पहाटे जास्त दिसतो. मापकाच्या पुढची वाट तुंबली, तरी सुई वरच राहते आणि पलीकडचे बेअरिंग कोरडे पडते.

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फोर्डने आपल्या काही गाड्यांत तर युनिटच्या जागी साधा स्विच बसवला. दाब एका लहानशा मर्यादेवर गेला की स्विच जुळतो आणि ठराविक रोधामुळे सुई मधोमध उभी राहते. दाब दुप्पट झाला तरी ती तिथेच. अशी गाडी ओळखायची तर पहाटे इंजिन थंड असताना सुई कुठे आहे ते पाहावे, आणि दुपारी तापल्यावर, इंजिन मंद चालू ठेवून, पुन्हा पाहावे. दोन्ही वेळी ती तसूभरही हलली नसेल, तर ती दाब मोजतच नाही.