विद्युत्घटांची दोन घराणी

दुकानात पेन्सिल सेल मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे आज दोन प्रकारच्या वस्तू ठेवल्या जातात. एक स्वस्त, वापरून संपली की टाकून देण्याची. दुसरी तिच्या कित्येक पट महाग, पण शेकडो वेळा पुन्हा भरता येणारी. यांतून कोणती घ्यावी हा पेच अलीकडचा आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तो दीडशे वर्षांहून जुना आहे आणि प्रत्येक पिढीने त्याचे उत्तर निराळे दिले आहे. घटाच्या अंगच्या गुणांवरून हे उत्तर क्वचितच ठरले. घट भरण्यास वीज कोठून आणावयाची आणि ज्या यंत्रात तो घालावयाचा त्याची तहान केवढी, या दोन गोष्टींनीच ते बहुतेक वेळा ठरविले.

इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा याने २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून आपल्या नव्या साधनाची हकिकत कळविली. जस्ताच्या आणि रुप्याच्या चकत्या एकीवर एक रचून मधून मधून खाऱ्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे घातलेली ती एक चळत होती. तिच्यातून निघणारी वीज फुकटची नव्हती. चुलीत लाकूड जळावे तसे जस्त झिजत जाई, आणि ते झिजले की वीजही आटे. १८३६ साली डॅनियलने जस्त, तांबे आणि मोरचूद यांचा जो घट बनविला, त्याचा प्रवाह अधिक स्थिर होता; म्हणून तारायंत्राला तो मानवला. आपल्याकडे १८५४ साली कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. इंदूर-ग्वाल्हेरवरून जाणाऱ्या त्या तारेतून धावणारे निरोपही रसायनांच्या अशाच भांड्यांच्या जिवावर धावत होते. भांड्यांतील माल संपला की नवा घालावयाचा, एवढेच तेथील कर्मचाऱ्यांना ठाऊक. दुसरा पर्यायच नव्हता.

तो पर्याय १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने दिला. शिशाचे दोन पत्रे मधे पट्ट्या घालून गुंडाळावयाचे आणि पातळ गंधकाम्लात बुडवावयाचे, इतकी साधी त्याची रचना होती. बाहेरून वीज सोडली की शिशावर रासायनिक फेरफार होई; वीज काढून घेतली की तोच फेरफार उलट दिशेने घडे, आणि ही येरझार पुनःपुन्हा करता येई. पुढच्याच वर्षी त्याने नऊ घटांची बॅटरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. कल्पना अस्सल होती, पण एक मौजेची अडचण होती. हा घट भरावयाचा कशाने? विद्युत्जनित्रे अजून व्यवहारात आलेली नव्हती. तेव्हा एकदाच वापरावयाच्या घटांतली वीज काढून ती या घटात साठवावी लागे. एका विहिरीचे पाणी घागरींनी उपसून दुसरीत ओतण्यासारखाच हा खटाटोप झाला! १८७१ नंतर ग्रामचे जनित्र आले, १८८१ मध्ये फोरने शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देऊन घटाची धारणशक्ती वाढविली, आणि मग मात्र चित्र पालटले. त्याच वर्षी फोरच्या भरलेल्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉम्सन यांच्याकडे नेण्यात आली. वीज पेटीत घालून परगावी नेता येते, या गोष्टीचे त्या काळी केवढे तरी अप्रूप वाटले.

दुसरे घराणेही स्वस्थ बसले नव्हते. १८६६ साली जॉर्ज लेक्लाँशे याने जस्त, नवसागराचे पाणी आणि मँगॅनीजचे काळे भस्म यांचा घट तयार केला. थोडे काम आणि बरीच विश्रांती अशी त्याची प्रकृती. दारावरच्या घंटीला ती उत्तम जुळली. १८८६ मध्ये जर्मनीच्या कार्ल गास्नरने नवसागराचे पाणी प्लास्टरमध्ये जिरवून सांडलवंड बंद केली, आणि जस्ताचेच भांडे करून सारा संसार त्यात बसविला. शुष्क घट म्हणतात तो हाच. यात भांडे आणि जळण एकच असते, त्यामुळे जळण सरत आले की भांड्यालाही भोके पडतात. विसरलेला सेल विजेरीच्या पोटात पाझरून पुढे ती गंजवितो, त्याचे कारण या रचनेत आहे. पण कोणत्याही बाजूला कलंडावा, खिशात घालावा, आणि जेथे विजेची तार नाही तेथेही तो प्रकाश द्यावा, हे शिशाच्या घटाला साधणारे नव्हते. १८९९ साली अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट घेतले गेले ते या शुष्क घटाच्या बळावर. पुढे मराठीत तर विजेरीलाच लोक ‘बॅटरी’ म्हणू लागले.

दोन्ही घराणी एका छपराखाली नांदली ती रेडिओत. १९२० नंतरच्या नळ्यांच्या संचात नळी तापविण्यास भरपूर प्रवाह लागे. तो दोन व्होल्टच्या शिशाच्या घटातून घेत. नळीला लागणारा शे-सव्वाशे व्होल्टचा दाब मात्र शुष्क घटांच्या जाड गठ्ठ्यातून मिळे. विलायतेत त्या काळी काचेचा तो घट हातात सांभाळीत दुकानात भरावयास नेणे हे घरोघरचे नेहमीचे काम होते.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट होता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात अवघ्या दीड हजाराच्या आसपास खेड्यांत वीज पोहोचली होती. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापून शेती, आरोग्य, सहकार यांवर वीस कार्यक्रम केले; युनेस्कोच्या साह्याने झालेला हा प्रयोग जगभर गाजला. तथापि वीज नसलेल्या खेड्यात असा कार्यक्रम ऐकावयाचा तर गावचा संच बॅटरीवर चालणार, आणि बॅटरी उतरली की संच मुका होणार. भरावयाची बॅटरी जेथे वीज आहे अशा गावी न्यावी, ती भरून होईतो वाट पाहावी, आणि आम्लाने भरलेले ते ओझे पुन्हा परत आणावे. काटकसरीची म्हणून जी वस्तू शहराला शोभे, ती खेड्याला महाग पडे. कारण ती विजेच्या तारेशी बांधलेली होती. ट्रान्झिस्टरने ही गाठ सोडविली. १९४७ च्या अखेरीस लागलेल्या या शोधावर चालणारा खिशातला रेडिओ १९५४ साली अमेरिकेत विक्रीस आला, आणि यंत्राची तहानच एकदम घटली. पुढे मोटेवरच्या शेतकऱ्याच्या हातात रेडिओ आला तो टाकाऊ सेलावर चालणारा. उतरते सेल उन्हात ठेवून त्यांतून आणखी एक-दोन दिवस काढणे ही तर घराघरांतली विद्याच होती, आणि तीत तथ्य होते. उबेने आतली रसायने थोडी हलती होतात.

त्यानंतरचा इतिहास वेगाने घडला. वाल्डेमार युंगनर या स्वीडिश संशोधकाने १८९९ मध्ये काढलेला निकेल-कॅडमियम घट १९४७ नंतर बंदिस्त रूपात मिळू लागला. लुईस उरीच्या संशोधनातून निघालेला अल्कलाइन सेल १९५९ च्या सुमारास बाजारात आला. पुढे डिजिटल कॅमेऱ्याची तहान एवढी मोठी निघाली की साधे सेल काही छायाचित्रांतच धाप टाकू लागले. तेथे १९९० च्या सुमारास आलेला निकेल-हायड्राइड घट उपयोगी पडला. त्याचा दाब दीडऐवजी सव्वा व्होल्टच्या आतबाहेर असतो, ही उणीव फारशी बोचली नाही. खरा दोष दुसरा होता: स्वस्थ पडून राहिला तरी महिन्याभरात साठ्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक तो गमावून बसे. २००५ साली जपानच्या सॅन्यो कंपनीने हा दोष बराचसा घालविला. दूरध्वनी आणि संगणक यांत तर १९९१ पासून बाजारात असलेल्या लिथियम-आयन घटाने निवडच उरू दिलेली नाही.

तरीही भिंतीवरचे घड्याळ आणि दूरचित्रवाणीचे दूरनियंत्रक यांत भरावयाचा सेल घालणे ही बहुधा उधळपट्टीच ठरते. वर्षातून एकदा बदलावयाच्या सेलावर वाचेल ते किती? ज्याची तहान थोडी त्याला एकदाचा घट पुरतो, याचे टोकाचे उदाहरण ऑक्सफर्डला आहे. १८४० साली तेथे मांडलेली एक विजेची घंटा, गंधकाने लिंपलेल्या दोन शुष्क चळतींवर, कधीही न भरता पावणेदोन शतकांहून अधिक काळ वाजत आली आहे. याउलट मुलांची खेळणी, रोज लागणारी विजेरी, छायाचित्रकाराचा चमकदिवा यांना टाकाऊ सेल घालणे म्हणजे खिशाला आणि कचऱ्याच्या ढिगाला सारखाच भार.

या ढिगाचा हिशेब मात्र फार उशिरा मांडला गेला. भारतात २००१ चे नियम शिशाच्या बॅटरीपुरतेच होते. २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारचे घट त्यांत घेतले आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. शिशाची बॅटरी गोळा करण्यास मुळात नियमाची फारशी गरज पडली नव्हती. शिशाला मोल असल्याने भंगारवाला दारात येऊन पैसे देऊन ती नेतो, मग ती वितळविताना होणाऱ्या धुराचे काहीही होवो. पेन्सिल सेल त्याच्या तराजूत कोणी घातला, तर तो बाजूला काढून परत देतो.