मधूनच पेटणारा ऑइलचा लाल दिवा : सेन्सरचा दोष की इंजिनाचा?

नवी दिल्ली : मोटारीच्या डॅशबोर्डवरील तेलाच्या झारीचे लाल चिन्ह सिग्नलवर थांबताच क्षणभर लुकलुकते आणि गाडी पुढे निघताच विझते. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात मे-जूनच्या उन्हात जुन्या गाड्यांच्या मालकांना हा अनुभव येतो. दिवा सतत पेटून राहिला तर गाडी थांबवली जाते. मधूनच पेटणाऱ्या दिव्याकडे मात्र ‘सेन्सर गेला असेल’ असे म्हणून दुर्लक्ष केले जाते. हा तर्क कित्येकदा बरोबरही निघतो. पण तो चुकला, तर किरकोळ किमतीच्या सुट्या भागाऐवजी संपूर्ण इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. म्हणूनच तेलाचा दाब प्रत्यक्ष मोजला जाईपर्यंत दिवा खरे सांगत आहे असे मानणे, हा या निदानाचा पहिला नियम आहे.

दिवा नेमके काय सांगतो?

लाल दिवा तेलाचे प्रमाण नव्हे, तर तेलाचा दाब दर्शवतो. तेलाची पातळी कमी झाल्याची सूचना देणारा दिवा काही मोटारींत स्वतंत्र असून तो बहुधा पिवळा असतो. इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरमधून पंप तेल ओढतो. फिल्टरमधून गाळलेले हे तेल क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि त्यांच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. फिरणारा शाफ्ट आणि बेअरिंग यांना एकमेकांपासून वेगळा ठेवणारा तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा असतो. दाब नाहीसा झाला की हा थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणाऱ्या टर्बोचार्जरला तर तेलाविना काही क्षणही घातक ठरतात.

बहुसंख्य साध्या मोटारींत हा दिवा एका स्विचवर चालतो. त्यातील स्प्रिंग आणि पातळ पडदा यांच्या योगाने, दाब नसताना विद्युत संपर्क जुळलेला असतो व दिवा पेटतो. दाब साधारण ०.२ ते ०.५ बारच्या वर गेला की संपर्क तुटतो व दिवा विझतो. चालत्या इंजिनाला लागणारा दाब याहून पुष्कळ अधिक असतो. त्यामुळे हा दिवा आगाऊ इशारा देत नाही. तो खरा असेल, तर दाब जवळजवळ संपलेला असतो.

उन्हाळा, सिग्नल आणि पातळ झालेले तेल

तापमान वाढते तसे तेल पातळ होते. ५डब्ल्यू-३० या प्रचलित श्रेणीच्या तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला साधारण ६० सेंटिस्टोक्स असते. १०० अंशांना ती ९.३ ते १२.५ या ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे सुमारे पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. त्यातच सिग्नलवर इंजिन सर्वांत कमी वेगाने फिरत असल्याने पंपही मंद चालतो. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की दाब नीचांकी पोहोचतो. निरोगी इंजिन हा ताण सहज पेलते. झिजलेल्या बेअरिंगमधून तेल लवकर निसटत असेल, पंप अशक्त झाला असेल किंवा तेल जुने असेल, तर दिवा याच वेळी डोकावतो.

राजधानी परिसरातील डिझेल मोटारींबाबत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. देशभर बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. या मानकांच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ होण्यासाठी अधूनमधून त्यातील काजळी जाळावी लागते व त्याकरिता अनेक इंजिनांत जादा डिझेल सोडले जाते. अडखळत्या वाहतुकीत ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर काही डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. अशा वेळी डिपस्टिकवरील पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते आणि तेलाला डिझेलचा वास येतो. पातळी भरपूर असूनही दाब कमी, हे कोडे यातून सुटते.

सीएनजीवरील मोटारींत काजळी कमी असल्याने तेल दीर्घकाळ स्वच्छ दिसते; उष्णतेने त्याचे गुण मात्र उतरतच असतात. रंगावरून तेलाची पारख करता येत नाही.

दिवा केव्हा पेटतो, ही पहिली खूण

मधूनच उद्भवणाऱ्या दोषात वेळ आणि प्रसंग यांची नोंद सर्वांत उपयोगी ठरते.

गरम इंजिन, सिग्नलवर थांबलेली गाडी : ॲक्सिलरेटर किंचित दाबताच दिवा विझत असेल, तर पातळ झालेले तेल, बेअरिंगची झीज, अशक्त पंप किंवा मर्यादा बिघडलेला स्विच यांचा संशय घ्यावा.

वळण, चढ किंवा जोराचा ब्रेक : तेलाची पातळी कमी असल्यास चेंबरमधील तेल एका बाजूला सरकते आणि पंपाच्या नळीत हवा शिरते.

खड्डे, पाऊस, धुलाई : इंजिनाच्या वेगाशी किंवा तापमानाशी संबंध न ठेवता दिवा लुकलुकत असेल, तर सैल जोड, ओलावा किंवा घासून उघडी पडलेली वायर हे कारण अधिक संभवते.

सकाळी सुरू करताना : दिवा काही सेकंद अधिक रेंगाळत असेल, तर बंद इंजिनात तेल रोखून धरणारी फिल्टरमधील झडप निकामी झाली असण्याची शक्यता असते. दिल्लीच्या जानेवारीतील थंडीत गरजेपेक्षा दाट तेलामुळेही असे घडू शकते.

महामार्गावर, अधिक वेगात : चेंबरमधील जाळी गाळाने तुंबली असल्यास पंपाला वाढलेल्या मागणीइतके तेल मिळत नाही. हा प्रकार विशेष गंभीर समजावा.

तपासणीचा क्रम

पहिली तपासणी मालकाला स्वतः करता येते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पुसावी, पुन्हा घालून पातळी पाहावी. किमान व कमाल या दोन खुणांमधील अंतर पुष्कळ मोटारींत सुमारे एक लिटरचे असते. पातळी कमी असल्यास पुस्तिकेत सांगितलेले तेलच घालावे. मात्र तेल गेले कोठे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

दुसरी तपासणी विजेची. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, दिवा पेटलाच पाहिजे. साध्या स्विचच्या गाडीत स्विचची वायर काढल्यावरही दिवा पेटलेला राहिला, तर वायर वाटेत कोठेतरी धातूला टेकली आहे. वायरच्या जोडात तेल झिरपलेले आढळले, तर स्विचचा पडदा फुटला आहे. दाबाचे प्रत्यक्ष मोजमाप संगणकाला कळवणाऱ्या नव्या मोटारींत ही युक्ती लागू पडत नाही. तेथे स्कॅनरने दोषांक वाचावे लागतात : पी०५२० ते पी०५२३ हे सेन्सर व त्याच्या वायरिंगशी संबंधित असतात, तर पी०५२४ दाब अतिशय कमी असल्याचे सांगतो.

तिसरी तपासणी निर्णायक असते. स्विच काढून त्या जागी यांत्रिक दाबमापक बसवला जातो आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मंद व वाढीव वेगाला दाब मोजला जातो. दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार हा ठोकताळा कार्यशाळांत प्रचलित असला, तरी उत्पादकाचे आकडेच प्रमाण मानावेत. दाब योग्य असेल तर दोष स्विचचा वा वायरचा. कमी असेल तर चेंबर उघडून जाळी, पंप आणि बेअरिंग तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

संशयास्पद यंत्राची खातरजमा दुसऱ्या यंत्रानेच करावी, याचे ठळक उदाहरण दिल्लीनेच पाहिले आहे. २९ मे २०२४ रोजी मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश तापमान नोंदवले. भारतीय हवामान विभागाने त्यावर लगेच शिक्कामोर्तब केले नाही आणि तो आकडा नुसता झटकूनही टाकला नाही. प्रमाणित उपकरणाशी तुलना केल्यावर तेथील सेन्सर सुमारे तीन अंश अधिक दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. दाबमापक न लावता स्विच बदलणे म्हणजे ही तुलना टाळणे होय.

टाळावयाच्या चुका

दिवा विझावा म्हणून दाट तेल भरणे हा उपाय नव्हे. त्याने दाबाचा आकडा वाढतो, पण झीज तशीच राहते; कमी श्यानतेच्या तेलासाठी घडवलेल्या नव्या इंजिनांत अरुंद वाहिन्यांतून दाट तेल मंदपणे सरकते. काश्मिरी गेटसारख्या सुट्या भागांच्या बाजारातून स्विच घेताना आटे जुळणे पुरेसे नाही, दाबाची मर्यादाही जुळली पाहिजे. जुनी मोटार खरेदी करताना किल्ली फिरवून हा दिवा पेटतो की नाही ते अवश्य पाहावे. न पेटणारा दिवा निरोगी इंजिनाची नव्हे, तोडलेल्या वायरचीही खूण असू शकते.

रस्त्यात दिवा पेटल्यास

इंजिन चालू असताना दिवा पेटून राहिला, तर गाडी सुरक्षितपणे डाव्या कडेला घेऊन इंजिन तात्काळ बंद करावे. द्रुतगती मार्गावर धोक्याचे दिवे लावून त्रिकोण मागे ठेवावा आणि प्रवाशांनी कठड्यापलीकडे थांबावे. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक उपलब्ध आहे. पातळी ठीक असूनही दिवा पेटत असेल, तर गाडी चालवत नेण्यापेक्षा ओढून नेणे केव्हाही स्वस्त पडते.

दुरुस्तीपूर्वीचा हिशेब

सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना मनाई करणारा आदेश कायम ठेवला. त्यानंतरही या विषयावर आदेश निघत राहिले आहेत. त्यामुळे जुन्या मोटारीचे इंजिन उघडण्याचा खर्च करण्यापूर्वी मालकाने आपल्या वाहनाबाबतची ताजी स्थिती पाहावी. इंजिन खरोखर उघडावे लागणार आहे की केवळ स्विच बदलून भागणार आहे, हे दाबमापकाचा आकडाच सांगू शकतो. तो आकडा दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर लिहून मागणे, हा ग्राहकाचा साधा आणि रास्त आग्रह ठरतो. सेवेविषयी तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते आणि तेथेही हीच लेखी नोंद उपयोगी पडते.