चिलापी

चिलापी : सिक्लिडी कुलातील, मूळचा आफ्रिकेतला गोड्या पाण्यातील मासा. पुस्तकी नाव तिलापिया. मच्छीमार आणि गिऱ्हाईक मात्र चिलापीच म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात कर्जत तालुक्याला लागून असलेला उजनी धरणाचा फुगवटा आणि शेवगाव-नेवासे बाजूचा नाथसागर जलाशय ही त्याची ठळक ठिकाणे. या एका नावाखाली मोझांबिक तिलापिया (ओरिओक्रोमिस मोसांबिकस), नाईल तिलापिया (ओरिओक्रोमिस नायलोटिकस) आणि त्यांचे संकर असे सगळेच विकले जाते.

हा मासा इकडचा नव्हे. कर्नल विल्यम साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या माशांचे वर्णन केले, काही जातींना मराठी नावांवरूनच शास्त्रीय नावे दिली आणि शिरूरजवळ घोड नदीतला मासाही नोंदवला. त्यांच्या यादीत सिक्लिड नाही. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच आणि तेही दक्षिणेकडचे व किनाऱ्याकडचे. कोकण-गोव्यातले कालुंदर त्यांपैकी एक. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये श्रीलंकेतून तमिळनाडूतल्या मंडपमला आणला गेला आणि तिथून देशभर तळ्या-धरणांत पोचला. नाईल तिलापिया त्यानंतर आला.

सिक्लिड ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. रोहू-कटल्याच्या मुस्कटावर प्रत्येक बाजूस नाकपुडीची दोन छिद्रे असतात, चिलापीला एकच. अंगावरची पार्श्वरेषा सलग नसून दोन तुकड्यांत तुटलेली असते. पाठीच्या पराचा पुढचा भाग टोकदार काट्यांचा आणि मागचा मऊ. कालुंदरपासून वेगळे करायचे तर गुदपर बघावा : चिलापीला तिथे तीनच काटे, कालुंदरला बारा-तेरा.

खरी अडचण चिलापीतल्याच दोन जातींची. पाठीच्या काट्यांची मोजणी इथे कामाची नाही, कारण दोन्हींचे आकडे एकमेकांत शिरतात. भरवशाची खूण शेपटीवर आहे. नाईल तिलापियाच्या पुच्छपरावर वरपासून खालपर्यंत नियमित उभे पट्टे असतात. मोझांबिकच्या शेपटीवर असे पट्टे नसतात. त्याची मादी आणि विणीबाहेरचा नर रुपेरी-करडा, कुशीवर दोन ते पाच धूसर डाग. विणीच्या काळात मोझांबिकचा नर ओळखायला चुकायचे काही कारणच उरत नाही : अंग काळेभोर, डोक्याची खालची बाजू पांढरी, पाठीच्या पराची व शेपटीची कड लाल, शिवाय जबडा वाढल्याने कपाळाची रेषा आत गेलेली. कल्ल्याच्या पहिल्या कमानीच्या खालच्या भुजेवर आतल्या बाजूने काटेरी दाते असतात. ते मोझांबिकमध्ये १४ ते २० भरतात, नाईलमध्ये बहुधा जास्त. पिल्लांच्या पाठीच्या मऊ परावर असणारा काळा ठिपका ओरिओक्रोमिसच्या अनेक जातींत दिसतो, त्यामुळे एवढ्यावर जात ठरवू नये. आकारावर तर नाहीच. मोझांबिक लवकर वयात येतो आणि गर्दीच्या तळ्यात खुरटून राहतो; बोटभर लांबीची मादीही अंडी घालणारी निघते.

वागणूकही वर्गीकरणाला उपयोगी पडते. पूर्वी सगळ्यांनाच तिलापिया म्हणत. ब्रिटिश मत्स्यविज्ञ एथेलविन ट्रेवावस यांनी १९८३ च्या ग्रंथात या गटाची सविस्तर मांडणी केली. आता तळाशी अंडी घालून राखण करणाऱ्या जाती तिलापिया व तिच्या जवळच्या प्रजातींत मोडतात, तर जिच्यात केवळ मादी अंडी तोंडात घेऊन उबवते ती ओरिओक्रोमिस. नर उथळ पाण्यात तळाला गोल खड्डा उकरतो. मादी तिथे अंडी घालून लगेच तोंडात घेते आणि पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत जवळपास उपाशीच राहते. धरणाचे पाणी ओसरले की किनाऱ्याच्या गाळात हे खड्डे उघडे पडतात.

दोन्ही जाती सहज संकर करतात. संकराच्या शेपटीवरचे पट्टे अर्धवट किंवा तुटक असू शकतात. अशा माशाला डोळ्यांनी पाहून नाव देणे धाडसाचे, तिथे जनुकीय तपासणीच हवी. आफ्रिकेतही हेच घडते आहे : जगातल्या १०० उपद्रवी परक्या जातींच्या यादीत असलेला मोझांबिक तिलापिया स्वतःच्या नद्यांत नाईल तिलापियाशी संकर होत असल्याने असुरक्षित गणला जातो. भारत सरकारने २००९ मध्ये तिलापियाच्या नियंत्रित संवर्धनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत एकलिंगी किंवा वंध्य बियाण्यावर भर आहे. उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात किंवा गावातल्या हातगाडीवर खवले काढलेला, पर कापलेला मासा समोर आला तर मात्र यातली बहुतेक लक्षणे गेलेली असतात.